तीन स्ट्राइक आणि चॅनल बंद: एएनआय वादातून प्रत्येक क्रिएटरने काय शिकायचं?

मे २०२५ मध्ये यूट्यूबर मोहक मंगल याने एक व्हिडिओ टाकला आणि देशभरातल्या क्रिएटर्समध्ये खळबळ उडाली. त्याचं म्हणणं असं होतं की, एएनआय या वृत्तसंस्थेच्या काही सेकंदांच्या क्लिप वापरल्या म्हणून त्याच्या चॅनलवर कॉपीराइट स्ट्राइक आले आणि ते मिटवण्यासाठी ४५ लाखांहून जास्त रकमेचं लायसन्स घ्यायला सांगितलं गेलं. आणखी काही यूट्यूबर्सनीही असेच अनुभव सांगितले. एएनआयची बाजू अशी की फुटेज आमच्या मालकीचं आहे आणि त्याचं रक्षण करणं हा आमचा कायदेशीर हक्क आहे.

लगेच दोन गट पडले. एक म्हणाला, छोट्यांना लुटतायत. दुसरा म्हणाला, चोरी ती चोरीच. मला मात्र तिसराच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. कोण बरोबर हे कोर्टाने ठरवायच्या आधीच चॅनल जायची वेळ येऊ शकते. म्हणजे कायदा वेगळा आणि प्लॅटफॉर्मची प्रक्रिया वेगळी. हा फरक समजून घेऊया.

कायदा काय सांगतो?

आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. तुम्ही फोटो काढला, कविता लिहिली, रील शूट केली की त्या क्षणी कॉपीराइट तयार होतो. नोंदणी सक्तीची नाही, © हे चिन्ह लावणंही सक्तीचं नाही. लिखाण, चित्र, फोटो यांवरचा हक्क निर्मात्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो.

पण याच कायद्याचं कलम ५२ काही सूट देतं. टीका, समीक्षण किंवा चालू घडामोडींचं वार्तांकन यासाठी दुसऱ्याच्या कामाचा 'न्याय्य वापर' करता येतो. आता नीट लक्ष द्या: हा वापर किती सेकंदांपर्यंत चालतो, असा आकडा कायद्यात कुठेही नाही. '७ सेकंद चालतात', '१० सेकंदांपर्यंत काही होत नाही' या निव्वळ अफवा आहेत. किती भाग घेतला, कशासाठी घेतला, त्यामुळे मूळ मालकाचा धंदा बुडतो का, हे सगळं कोर्ट त्या त्या प्रकरणात बघतं. आणि 'क्रेडिट टू ओनर' लिहिणं म्हणजे परवानगी नव्हे. शेजाऱ्याची गाडी न विचारता नेली आणि काचेवर त्याचं नाव लिहिलं, तर तो खूश होईल का?

प्लॅटफॉर्म काय करतो?

यूट्यूब हे कोर्ट नाही. मालकाने रीतसर अर्ज केला की व्हिडिओ काढला जातो आणि चॅनलवर स्ट्राइक येतो. ९० दिवसांत असे तीन स्ट्राइक आले, तर चॅनल बंद होऊ शकतं. पार्टनर प्रोग्राममध्ये असाल तर त्याआधी ७ दिवसांची मुदत मिळते. वर्षानुवर्षांची मेहनत आणि हातात एक आठवडा! तडजोडीचा दबाव इथूनच येतो.

(कंटेंट आयडीचा 'क्लेम' ही वेगळी गोष्ट आहे. त्यात बहुतेक वेळा फक्त जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात, स्ट्राइक बसत नाही. त्यामुळे क्लेम आला म्हणून घाबरू नका.)

तुमचा वापर न्याय्य आहे अशी खात्री असेल, तर 'काउंटर नोटिफिकेशन' देता येतं. मग समोरच्याने अमेरिकी कामकाजाच्या १० दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा दिला नाही, तर व्हिडिओ परत येऊ शकतो. मात्र तुमचं खरं नाव-पत्ता समोरच्याला कळतो आणि तो खरंच कोर्टात जाऊ शकतो. म्हणून आधी वकिलाशी बोला.

मोहक मंगलचं प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, पण ते एएनआयच्या बदनामीच्या दाव्यावरून. तिथे त्याने व्हिडिओतला काही आक्षेपार्ह भाग काढायची तयारी दाखवली. 'काही सेकंदांची क्लिप चालते की नाही' या प्रश्नाचं उत्तर त्या सुनावणीतून मिळालं नाही.

तुमचंच काम चोरीला गेलं तर?

हेच हत्यार तुमच्याही हातात आहे, हे आपण विसरतो. गणपतीत मी काढलेला ढोल-ताशाचा एक फोटो एका मोठ्या पेजने स्वतःचा लोगो लावून टाकला होता. मेसेज केला, तर ब्लॉक केलं. मग मूळ फाइल आणि माझ्या पोस्टची लिंक जोडून कॉपीराइटचा फॉर्म भरला आणि फोटो उतरला. भांडणाने जे झालं नाही, ते पुराव्याने झालं.

म्हणून आजपासून एवढं करा:

- मूळ फाइल जपा. फोनमधला ओरिजिनल फोटो, न कापलेलं फुटेज, एडिटिंगचा प्रोजेक्ट. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली कॉपी पुरावा म्हणून कच्ची ठरते.
- चोरी दिसली की आधी स्क्रीनशॉट आणि लिंक घ्या, मग मेसेज करा. उलटं केलं तर समोरचा पोस्ट उडवतो.
- फॉर्म भरा. यूट्यूब, इन्स्टाग्राम, फेसबुक सगळीकडे तो फुकट आहे. खोटी तक्रार मात्र करू नका, तुमचंच अकाउंट जाऊ शकतं.
- महत्त्वाच्या कामाची नोंदणी करा. कॉपीराइट कार्यालयाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. लिखाण किंवा चित्रासाठी सरकारी फी ५०० रुपये आहे. वाद झाला तर हा कागद कामी येतो.
- ऑर्डर घेताना लिहून घ्या. लग्नाचे फोटो पैसे घेऊन काढलेत आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कलम १७ नुसार हक्क ग्राहकाचा! नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्कही सहसा मालकाकडे जातो.

आणि बातमीवर व्हिडिओ करत असाल, तर दुसऱ्याची क्लिप गरजेपुरतीच घ्या, तिच्यावर स्वतःचं विश्लेषण द्या आणि नुसती सजावट म्हणून वापरू नका. जिथे जमेल तिथे स्वतः शूट करा.

एएनआयसारख्या संस्थेकडे वकील असतात, फायली असतात, प्रत्येक फुटेजची नोंद असते. आपल्याकडे बहुतेकदा फक्त 'मीच बनवलंय यार!' एवढंच असतं. हक्क दोघांनाही कायद्याने सारखाच दिलाय. तो सिद्ध करायची तयारी मात्र ज्याची त्याने करायची असते, आणि त्यासाठी लागणारा फोन तर आत्ता तुमच्या हातातच आहे.