पळणे : नित्यकर्म की प्रायश्चित्त?

चवथ होऊन गेली, दिवाळीचे पोहे खाऊन झाले आणि आता शेजारच्या आंटींच्या स्वयंपाकघरातून दोदोल ढवळल्याचा वास येऊ लागला आहे. आम्हा गोंयकारांचा सणांचा हंगाम चवथीला जो सुरू होतो, तो जत्रा आटोपेपर्यंत काही संपत नाही.

या हंगामात सकाळी सहाच्या सुमारास मिरामारला गेलात तर एक दृश्य हमखास दिसते. सण उलटून दोन दिवस झाले की एरवी कधी न दिसणारी माणसे तिथे धावायला येतात. पायांत नवेकोरे बूट, मनगटावर किलोमीटर मोजणारे घड्याळ आणि चेहऱ्यावर श्रावणात चोरून मासे खाल्ल्याचा भाव! आठवड्याभरात ती दिसेनाशी होतात आणि पुढच्या सणानंतर पुन्हा उगवतात. मी त्यांना हसत नाही. चार वर्षांपूर्वी मीही त्यांच्यातलाच एक होतो आणि त्याची किंमत पुढे पाच महिने मोजत होतो. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

आधी माझ्याविषयी थोडे. मी सरकारी कचेरीत लेखा शाखेत कारकून. शिक्षण मराठी घेऊन बी.ए. शाळेत पी.टी.च्या तासाला पोटदुखीची चिठ्ठी आणणाऱ्यांत माझा नंबर पहिला. वयाच्या बेचाळिशीपर्यंत कदंबची बस पकडण्यापलीकडे मी कशासाठी धावलो नव्हतो. मग कचेरीतल्या आरोग्य शिबिरात रक्त तपासले आणि तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा आला ६.१. डॉक्टर म्हणाले, ५.७ पासून धोक्याची घंटा आणि ६.५ ला मधुमेह. तुम्ही मध्ये उभे आहात, कुठल्या बाजूला जायचे ते ठरवा.

मला ठरवायला वेळ लागला नाही, कारण पलीकडची बाजू मी घरातच पाहिली होती. माझे बाबा प्राथमिक शिक्षक. मधुमेह जुना. अंत्रुज महालातल्या आमच्या गावी देवळात जाताना ते घरापासूनच अनवाणी निघत. एका श्रावणात वाटेवर चिऱ्याची कपची तळव्यात घुसली आणि त्यांना ती कळलीच नाही! मधुमेहाने पायांची जाणीव बोथट होते, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हते. जखम दिसली ती चार दिवसांनी, आईने पायपुसण्यावर रक्त पाहिले म्हणून. त्यात उजव्या पायाची दोन बोटे गेली.

हे केवळ आमच्या घरचे रडगाणे नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के. सगळ्या राज्यांत आपला पहिला नंबर! चार प्रौढ माणसे बसली की त्यांतला एक मधुमेही. तेव्हा सण, खाणे आणि पळणे हा विषय आपल्यासाठी हौसेचा राहिलेला नाही.

तर मी पळू लागलो. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा, सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधलेला तीन किलोमीटरहून लांब सेतू ही माझी शाळा. ना चढ ना उतार, एका बाजूला मांडवी, दुसरीकडे मिठागरे आणि खारफुटी. दोन खांबांमधले अंतर पळायचे, पुढच्या दोन खांबांमधले चालायचे, अशी सुरुवात केली. वर्षभरात न थांबता दहा किलोमीटर जाऊ लागलो. आणि तेवढ्यात चवथ आली.

आमचा गणपती पाच दिवसांचा. गावचे मोठे घर, माटोळी, आरत्या, आणि दर दोन तासांनी समोर येणारे नेवऱ्यांचे ताट. आधीची तयारी आणि नंतरचा आळस धरून मी दोन आठवडे पळालो नाही. पणजीला परतलो तेव्हा वजन दोन किलो वाढलेले. माझ्यातला लेखा शाखेचा कारकून जागा झाला. खर्ची पडले आहे ना, मग जमेला आणलेच पाहिजे! रोज दहा-बारा किलोमीटर पळायचे ठरवले, आणि संकल्पाला शोभेल असे नवे बूटही हवेत म्हणून एका मोठ्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने मला एका यंत्रावर चालवले, पडद्यावर माझ्या पावलाचे रंगीत चित्र दाखवले आणि गंभीर चेहऱ्याने सांगितले, "सर, तुमचे पाऊल सपाट आहे आणि आत कलते. साधे बूट घातलेत तर दुखापत ठरलेली." मी घाबरून साडेतेरा हजार मोजले. नऊ दिवस पळालो. दहाव्या दिवशी सकाळी बिछान्यातून उठून पहिले पाऊल टाकले आणि टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ आली. टाचेखालचा पट्टा दुखावला होता. पाच महिने पळणे बंद.

त्या पाच महिन्यांत वाचायला भरपूर वेळ मिळाला आणि माझ्या हिशेबातली चूक कळली. पळताना दर किलोमीटरला साधारण आपल्या वजनाच्या किलोंइतक्या कॅलरी खर्च होतात. माझे वजन ७२, म्हणजे किलोमीटरला सत्तरच्या आसपास. तळलेल्या, नारळ-गुळाच्या एका नेवरीच्या दीडशे जरी धरल्या, तरी एका नेवरीला दोन किलोमीटर झाले. अकरा नेवऱ्यांना अर्धमॅरेथॉन! आणि पाच दिवसांत मी अकरावर थांबलो असेन असे वाटत असेल, तर तुम्ही माझ्या मावशीला ओळखत नाही. हा ताळेबंद कधीच जुळणार नाही. जुळवायला गेलात तर बळी पाय पडतात, कारण हृदय आणि फुप्फुसे लवकर तयार होतात, पण हाडे आणि स्नायुबंध यांना बळकट व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो. त्यांना तुमचा अपराधभाव समजत नाही.

बुटांचेही तसेच. अमेरिकेच्या लष्करात, हवाई दलात आणि मरीन दलात भरती झालेल्या शिकाऊ जवानांवर मोठे प्रयोग झाले. २००९ आणि २०१० मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले. काही जवानांना तळव्याच्या आकाराप्रमाणे निवडलेले बूट दिले, बाकीच्यांना सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. कॅनडाच्या कॅलगरी विद्यापीठातले बेनो निग यांनी आयुष्यभर बूट आणि पाऊल यांचा अभ्यास केला. २०१५ साली त्यांनी सहकाऱ्यांसह मांडलेले म्हणणे साधे आहे : पायाला जो बूट सुखाचा वाटतो, तो निवडा. साडेतेरा हजार मोजून मी सुख घेतले नव्हते, भीतीचा उतारा घेतला होता.

हे सांगितले की आमच्या कचेरीतले एक सहकारी लगेच दुसऱ्या टोकाला जातात. "बूट हवेतच कशाला? आपले पूर्वज अनवाणीच होते. शिरगावच्या लईराईचे धोंड निखाऱ्यांवरून चालतात." असे म्हणणारे ते एकटे नाहीत. २००९ साली ख्रिस्तोफर मॅकडुगल यांचे 'बॉर्न टू रन' आले आणि जगभर अनवाणी पळण्याची लाट उठली. पायाच्या पाच बोटांना पाच कप्पे असलेले बूट निघाले. ते विकणाऱ्या व्हिब्रम कंपनीला, आरोग्याला फायदा होतो हा दावा सिद्ध न करता केल्याच्या खटल्यात, २०१४ साली पैसे देऊन तडजोड करावी लागली. लईराईचे धोंड वर्षातून एकदा, व्रतस्थ राहून ते व्रत पाळतात. त्याला पळण्याच्या सरावाचा पुरावा म्हणून वापरणे हा त्या व्रताचाही अपमान आहे.

अनवाणी पळण्याचे दैवत म्हणजे इथिओपियाचा अबेबे बिकिला. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये तो अनवाणी मॅरेथॉन जिंकला, हे सगळे सांगतात. १९६४ साली टोकियोला तोच बिकिला बूट घालून पुन्हा जिंकला, आणि तीन मिनिटे लवकर आला, हे सहसा कुणी सांगत नाही. मला यातून कळते ते एवढेच, की पळतो तो माणूस. बूट नव्हे, आणि बुटांचा अभावही नव्हे.

आपल्या जवळचे उदाहरण लता भगवान करे यांचे. नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून साठी ओलांडलेल्या या बाई नऊवारी लुगड्यात, अनवाणी, बारामतीच्या शर्यतीत धावल्या आणि जिंकल्या. २०२० साली त्यांच्यावर चित्रपटही आला. आपण त्यांचे छायाचित्र 'प्रेरणा' म्हणून एकमेकांना पाठवतो. मला मात्र ते पाहून ओशाळल्यासारखे होते. ती नाइलाजाची धाव होती. दुसऱ्याच्या नाइलाजाला आपण आरोग्याचा मंत्र बनवू नये. आणि ज्या गावात चारातला एक मधुमेही आहे, तिथे अनवाणी पळण्याचा सल्ला देणाऱ्याने आधी माझ्या बाबांचा उजवा पाय आठवावा. नरकासुर जाळल्यावरच्या पहाटे पणजीच्या रस्त्यांवर काय काय पडलेले असते तेही पाहून यावे. तारा, खिळे, बांबूच्या चिरफळ्या!

आता माझे बूट चार-पाच हजारांतले, बहुधा मागच्या वर्षीचे म्हणून दुकानदाराने उतरत्या भावाने काढलेले. विकत घ्यायला संध्याकाळी जातो, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. पळताना घालतो तेच मोजे नेतो. पुढे अंगठ्याएवढी जागा सुटली पाहिजे. दुकानाच्या दारात चार ढांगा पळून पाहतो, दुकानदार काही म्हणाला तरी. सहा-सातशे किलोमीटर झाले की जोड पावसाळ्यासाठी बाजूला. भिजलेल्या बुटांत रात्री जुनी वर्तमानपत्रे कोंबायची, सकाळपर्यंत पाणी शोषले जाते. आपल्या अग्रलेखांचा हा उपयोग मला फार उशिरा कळला.

राहिला प्रश्न सणांचा. सणात पळणे सुटले की सगळे मुसळ केरात, असे वाटते, तेही खरे नाही. रॉबर्ट हिक्सन या अमेरिकन संशोधकाने १९८१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. आठवड्याला सहा दिवस जोरदार व्यायाम करणाऱ्यांचे दिवस कमी करून चार किंवा दोनवर आणले, मात्र व्यायामाचा जोर आणि प्रत्येक दिवशीचा वेळ तोच ठेवला. पंधरा आठवड्यांनंतरही त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता टिकून होती. म्हणजे मिळवायला जितके कष्ट लागतात, त्याहून राखायला पुष्कळ कमी लागतात. चवथीच्या आठवड्यात दोन सकाळी अर्धा-अर्धा तास, एवढे पुरते. देव बसण्याआधी जाऊन यायचे, मग आंघोळ, मग पूजा. पहिल्या वर्षी गावात मी पळताना दिसलो तेव्हा पारावरून प्रश्न आला, "कितें रे, बस चुकली?" आता एखादे दिवशी नाही दिसलो तर घरी येऊन विचारतात, बरा आहे ना?

आपल्या जुन्या शास्त्राने कर्मांची वाटणी फार शहाणपणाने केली आहे. नित्य, नैमित्तिक, काम्य आणि प्रायश्चित्त. नित्यकर्माचे वैशिष्ट्य असे, की ते केल्याने वेगळे पुण्य पदरात पडत नाही, न केल्याने मात्र दोष लागतो. संध्या, स्नान ही त्यातली. डिसेंबरात चिखलीला होणाऱ्या गोवा रिव्हर मॅरेथॉनमध्ये मी एकदा २१ किलोमीटर पळालो, ते काम्य. पदक मिळाले, भिंतीवर लावले, आनंद झाला. पण खाल्ल्याचे पाप धुण्यासाठी पळणे हे प्रायश्चित्त, आणि माझा आक्षेप त्याला आहे. प्रायश्चित्त म्हटले की आधी पाप मानावे लागते. आईने, मावशीने, शेजारच्या आंटींनी तासन् तास चुलीपुढे उभे राहून केलेले पदार्थ पाप कसे असतील? माझ्या रक्तातली साखर बघून मी दोन नेवऱ्यांवर थांबतो, तो संयम मला ताटावरच करावा लागतो. त्याचे काम रस्त्यावर होत नाही.

३ डिसेंबरला, सायबाच्या फेस्ताच्या सुट्टीला, मी रायबंदरच्या सेतूवर गेलो. जुन्या गोव्याकडे चालत निघालेली माणसे पहाटेपासून वाटेने दिसतात. कुणाच्या पायात रबरी चपला, कुणी नवसाचे अनवाणी, म्हाताऱ्या बायका एकमेकींचा हात धरून. कुणी किलोमीटर मोजत नव्हते. मी मात्र घड्याळ बघत त्यांना ओलांडून जात होतो, आणि थोडा वरमलो.

बाबा दोन बोटे गेल्यावरही रोज संध्याकाळी, डॉक्टरांनी दिलेल्या त्या बेढब एम.सी.आर. चपला घालून, लंगडत देवळाच्या पायऱ्यांपर्यंत जाऊन येत. चपला बाहेर काढाव्या लागतील म्हणून आत जात नसत. पायरीशी हात जोडून परतत. एक दिवस चुकवला नाही. नित्यकर्म म्हणजे काय ते मी पोथीत नाही, त्यांच्या चालण्यात पाहिले.

माझा आकडा आता ५.८ आहे. धोक्याच्या रेषेच्या जरा अलीकडे यायचे आहे, येईन. असो. नाताळला आंटींकडून कुसवाडाचे ताट येईल. दोदोलचा एक तुकडा मी खाणार आहे, सावकाश, चव घेत. नंतर सकाळी पळायलाही जाईन. पण दोदोल खाल्ला म्हणून नव्हे. माझे पळण्याचे वार मंगळवार, गुरुवार आणि रविवार. त्यातला एखादा असेल म्हणून.