'मामूल' ओळखायचे कसे?



आपल्या हैदराबादेत 'मामूल' या शब्दाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. उर्दूत मामूल म्हणजे नेहमीची रीत. तेलुगूतही तो रुळला आणि व्यवहारात त्याचा अर्थ लाच असा झाला. मराठीतली 'दस्तुरी' त्याच जातीची. दस्तूर म्हणजे रिवाज. लाचेला एकदा रिवाजाचे नाव मिळाले की ती दिसेनाशी होते. म्हणून भ्रष्टाचाराविरुद्ध घोषणा देण्याआधी तो ओळखायला शिकावे, असे आम्हांला वाटते.

माणसाकडे पाहून तो ओळखता येत नाही. २०१९ च्या स्वातंत्र्यदिनी महबूबनगर येथे एका पोलीस शिपायाला उत्कृष्ट सेवेचा पुरस्कार मिळाला. दुसऱ्याच दिवशी लाचलुचपत प्रतिबंधक खात्याने त्याला १७ हजार रुपये घेताना पकडले. वाळूची वाहतूक करणाऱ्या तक्रारदाराचे म्हणणे होते की, परवाने असूनही पैशांचा तगादा लागला होता. तेव्हा पुरस्कार पाहू नका, व्यवहार पाहा.

व्यवहाराच्या खुणा ठरलेल्या असतात. पैसे मागतात पण पावती देत नाहीत. दर खेपेला एकच नवी त्रुटी निघते. नकाराचे कारण लेखी मिळत नाही. "बाहेर अमक्याला भेटा" असे सुचवले जाते. मात्र प्रत्येक उशीर म्हणजे भ्रष्टाचार नव्हे. कधी माणसे कमी असतात, कधी चूक आपल्याच अर्जात असते. म्हणून आधी लेखी कारण मागावे. माहिती अधिकार कायदा २००५ पासून लागू आहे. त्याखाली अर्ज केल्यास सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

आमचीच एक गोष्ट सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दाखल्यासाठी आम्ही एका कार्यालयात तीन खेपा घातल्या. चौथ्या खेपेला शिपाई हळूच म्हणाला, "साब, चाय-पानी का देख लो." आम्ही शंभराची नोट दिली आणि दहा मिनिटांत दाखला हाती पडला. घरी आलो ते काम झाल्याच्या आनंदात. आपण लाच दिली हे मनातही आले नाही. आज त्या शंभर रुपयांचे काही वाटत नाही. वाईट वाटते ते आमच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईचे. आमच्या नोटेने तिची एक खेप वाढवली.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. प्रेमचंदांची 'नमक का दारोगा' ही कथा तेव्हा वाचली. त्यात मुलाला वरकमाईचे महत्त्व पटवून देतो तो कोणी ठग नव्हे, त्याचा जन्मदाता बाप. आपल्या समाजातही सोयरीक जमवताना 'पगार किती' याच्या पाठोपाठ 'वरचे किती' असे विचारणारे आहेत. पालकहो, हे बोलणे मुले ऐकत असतात.

प्रयोगशाळेतले फिनॉल्फथॅलिन दहावीच्या मुलांना ठाऊक आहे. सापळा रचताना नोटांना हीच पूड लावतात. नोटा घेणाऱ्याचे हात नंतर सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवले की द्रावण गुलाबी होते. पण तक्रार करायला कोणी पुढे आले, तरच हे सारे घडते. तेलंगणात त्यासाठी १०६४ हा निःशुल्क क्रमांक आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. बळजबरीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत कळवणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. त्या वेळी हा कायदा असता तर आम्हीही गुन्हेगारच ठरलो असतो, हे इथे लिहून ठेवतो.

आता आपल्या घरापुरते. या शाळेत पावतीशिवाय एक रुपयाही घेतला जाणार नाही. कोणी मागितला तर थेट आमच्याकडे यावे. मुलाची जन्मतारीख "जरा मागेपुढे" करून द्या, अशी विनंती कृपया कोणी करू नये. विश्वस्त मंडळींना नम्र विनंती, शाळेचा एखादा कागद कुठे अडला तर "देऊन टाका, मुलांचे काम आहे" असा सल्ला देऊ नका. उशीर होईल, वर्ग कदाचित गळक्या छपराखाली भरतील. तो त्रास आपण सोसू. मुलांचे काम आहे म्हणूनच तर द्यायचे नाही.