नाव तिचं, किल्ली त्याची

कुंडलमधल्या आमच्या एका बैठकीत हुंडा, दारू, रेशन असे नेहमीचे विषय चालले होते. बैठक संपता संपता मागे बसलेली एक बाई उठली आणि पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढून म्हणाली, "ताई, एवढं वाचून सांगा. पोरगा म्हणतोय काय नाही, पण वर माझं नाव हाय." कागद न्यायालयाचं समन्स होता. मोटार वाहन कायद्याखालच्या खटल्यात ही बाई आरोपी होती.

बाईला सायकलसुद्धा चालवता येत नाही. मोटारसायकल घ्यायची ठरली तेव्हा घरात पैसे नव्हते. बचत गटातून कर्ज निघालं. गटाचं कर्ज बाईलाच मिळतं, म्हणून गाडीही तिच्या नावावर झाली. सह्या तिने केल्या, हप्ते तिने खुरपणीच्या मजुरीतून फेडले. गाडी मात्र नवरा आणि पुतण्या फिरवतात. पुतण्याकडे लायसन नाही आणि विमा कधी संपला ते कुणी पाहिलं नाही. पोलिसांनी गाडी अडवली, कागद तयार झाले आणि सगळीकडे मालक म्हणून या बाईचं नाव लागलं. "मी गाडीवर बसते ती वर्षातनं एकदा जत्रंला," ती म्हणाली. बायका हसल्या. पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मैत्रिणींनो, नावाची लढाई आपणच लढलो आहोत. सातबाऱ्यावर बाईचं नाव लागलं पाहिजे, घरावर दोघांचं नाव पाहिजे, हे आपण मोर्चांतून, परिषदांतून किती वर्षं सांगतो आहोत. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, तेव्हा कितीतरी गावांतल्या शेतकऱ्यांनी जमीन बायकांच्या नावावर केली. जमिनीवर नाव लावायला घरं आजही का-कू करतात. गाडीवर मात्र बाईचं नाव चटकन लागतं, कारण कर्ज तिच्यामुळे मिळतं. नाव तिचं आणि किल्ली त्याची. मालकीतला हक्क एकाकडे आणि जबाबदारी दुसरीकडे, अशी ही वाटणी आहे. माझं म्हणणं एवढंच, की हा प्रश्न 'वाहतुकीचा' म्हणून बाजूला ठेवू नका. तो बाईच्या मालमत्तेचा प्रश्न आहे.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली आणि दंड कितीतरी पटींनी वाढले. लायसन नसताना गाडी चालवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. ज्या मालकाने लायसन नसलेल्याला गाडी चालवू दिली, त्यालाही तेवढीच शिक्षा. विमा नसेल तर पहिल्या वेळी दोन हजार आणि दुसऱ्या वेळी चार हजार दंड, शिवाय कैदेची तरतूद आहेच. दारू पिऊन चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. काही गुन्ह्यांत रस्त्यावरच तडजोड शुल्क भरून विषय मिटतो. हे शुल्क राज्य सरकार ठरवतं आणि महाराष्ट्रात ते डिसेंबर २०२१ मध्ये वाढलं. दारूचा गुन्हा मात्र असा मिटत नाही, तो न्यायालयातच जातो.

सर्वात कडक कलम अल्पवयीन मुलांबद्दलचं आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. गुन्हा आपल्याला माहीत नव्हता किंवा तो टाळायचा आपण सर्व प्रयत्न केला होता, हे सिद्ध करायची जबाबदारी पालकावर आहे. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण जीव गेले आणि तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर झालेल्या जामिनाने सगळा महाराष्ट्र चिडला. तिथे पैसा होता, वकिलांची फौज होती. आपल्याकडे दहावीतला पोरगा बापाच्या सांगण्यावरून गाडी घेऊन उसाच्या फडावर डबा पोचवायला जातो आणि गाडी आईच्या नावावर असते. आई नको म्हणाली होती, याला साक्षीदार कोण?

दंडापेक्षा मोठा धोका पुढे आहे. अपघात झाला आणि गाडीला विमा नसेल, तर नुकसानभरपाई मालकाला भरावी लागते. लायसन नसलेल्याने गाडी चालवली असेल, तर विमा कंपनी आधी पैसे देऊन नंतर ते मालकाकडून वसूल करू शकते. ही रक्कम लाखांत जाते. गाडी विकली पण कागदावर नाव बदललं नाही, तरीही नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. म्हणजे नवऱ्याने परस्पर विकलेली गाडी कुणाला धडकली, तर नोटीस येणार बायकोला. टाकून दिलेल्या बाईलाही ती येऊ शकते.

मग नोंदी बघायच्या कशा? ई-चलनाची माहिती राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळते. त्यासाठी गाडीचा नंबर आणि चॅसी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात. ते आकडे आर. सी. वर असतात आणि आर. सी. असते नवऱ्याच्या पाकिटात. चलनाचा निरोप नोंदलेल्या मोबाइलवर जातो आणि तो नंबरही बहुतेक वेळा त्याचाच असतो. म्हणून पहिलं काम, आर. सी. आणि विम्याची प्रत स्वतःजवळ ठेवायची. दुसरं, नोंदणीत स्वतःचा मोबाइल नंबर घालून घ्यायचा.

चलन भरलं नाही आणि खटला झाला, तर त्याची नोंद ई-कोर्टच्या संकेतस्थळावर सापडते. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-आकड्यांचा सी. एन. आर. क्रमांक असतो. तो माहीत नसेल तर जिल्हा आणि न्यायालय निवडून नावाने आणि वर्षाने शोधता येतं. नाव इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहून बघा, कारण आपल्या नावांचं स्पेलिंग कारकून आपापल्या मनाने करतात. तिथे नाही सापडलं तर समन्स घेऊन सरळ न्यायालयात जा, फौजदारी विभागात नंबर विचारा आणि नक्कल विभागात अर्ज देऊन प्रमाणित प्रत काढा. समन्स आलं की तारीख चुकवू नका, गैरहजर राहिलं तर वॉरंट निघू शकतं. आणि न वाचता 'गुन्हा कबूल' वर अंगठा देऊ नका. कबुली म्हणजे दोषसिद्धी, ती नोंदीत राहते. गाडी कोण चालवत होतं हे सांगायचा आपल्याला अधिकार आहे. पोलिसांनी विचारलं तर ते सांगणं मालकाचं कर्तव्यच आहे.

वकिलाला पैसे कुठून आणायचे, ही अडचण खरी. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. सांगलीला जिल्हा प्राधिकरण आहे, तिथे साधा अर्ज करायचा. लोकअदालतीतही चलनं निघतात, तिथे तडजोड होऊ शकते.

काही कार्यकर्त्या मला म्हणाल्या, "नवऱ्याचं नाव पोलिसांना सांगायला लावता, घरं मोडतील." ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. नाव सांगितलं म्हणून मार खाल्लेल्या बायका आपण पाहिल्या आहेत. म्हणूनच हे काम एकटीच्या अंगावर टाकायचं नाही, गटाने करायचं. दुसरं कुणी म्हणेल, दंड चुकवायच्या युक्त्या शिकवता का? मुळीच नाही. गळीत हंगामात रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्यांमागे रात्री धडकून माणसं जातात. द्राक्षबागेच्या कामाला बायका टेंपोत दाटीवाटीने उभ्या राहून जातात आणि मालवाहू गाडीत फुकट बसलेल्यांची भरपाई विमा कंपनीवर येत नाही. कायदा कडक पाळला गेला तर आपलेच जीव वाचतील. दंड जरूर व्हावा, पण ज्याने गुन्हा केला त्याला व्हावा.

कुंडल हे प्रतिसरकारचं गाव. १९४३ ते ४६ या काळात या भागात न्यायदान मंडळं चालली आणि गावासमोर बसून निकाल झाले. आज निकाल दूरच्या इमारतीत आणि संगणकाच्या पडद्यावर होतात. ते पुन्हा आपल्यासमोर आणायचे असतील, तर वाचायला आपणच शिकलं पाहिजे.

प्रत्येक गटाने पुढच्या बैठकीत एवढं करावं. ज्यांच्या नावावर गाडी आहे त्या सगळ्यांची यादी करावी, विमा आणि थकलेली चलनं तपासावीत. आणि यापुढे गटाचं कर्ज गाडीसाठी देताना एक प्रश्न विचारावा: किल्ली कुणाकडे राहणार?

त्या बाईचा खटला अजून चालू आहे. तारखेला आम्ही चौघी बरोबर जातो. गेल्या वेळी गाडीची किल्ली तिच्या कमरेला होती. पुतण्याने लायसन काढल्याशिवाय ती मिळणार नाही, असं तिने घरात सांगून टाकलं आहे.