काकूच्या वहीत काकू नव्हती

२०२५ च्या दिवाळीआधी मी घरासाठी एक गूगल शीट बनवली. बार्शीत आमचं एकत्र कुटुंब आहे. चूल एकच, जेवायला रोज अकरा माणसं. मी पुण्यात कोड लिहितो, दर महिन्याला घरी पैसे पाठवतो, आणि ते नक्की कुठं जातात हे मला कळायला हवं होतं. शीटमध्ये ड्रॉपडाउन दिले: किराणा, गॅस, दवाखाना, शाळा, पोरांचे कपडे, शेती, इतर. बजेटच्या वर खर्च गेला की रकाना लाल व्हायचा. शीट काकूच्या फोनवर टाकली, कारण आमच्या घरचा हिशेब काकूच ठेवते.

महिनाअखेरीला 'इतर' लाल झालं. मी फोन लावला.

"काकू, हे इतरमधले ४६० कशाचे गं?"

पलीकडून जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "आरं, राहू दे. काढून टाक ते. माझ्याजवळचे होते म्हण."

फोन ठेवल्यावर मला लाज वाटली. का वाटली, ते सांगण्यासाठी हे लिहितोय.

काकू लग्न होऊन आली तेव्हा तिची बारावी कॉमर्स झाली होती. तेवढ्यावर आबांनी घराची वही तिच्या हातात दिली. तेव्हा आम्ही चौदा जण होतो. आबा, आजी, तीन भाऊ, तीन जावा आणि सहा पोरं. माझे वडील, म्हणजे अण्णा, एसटीत कंडक्टर. तात्या शेती बघायचे. धाकट्या काकांचं सायकलचं दुकान. म्हणजे एक पगार महिन्याला, एक गल्ला रोजचा, आणि शेतीचे पैसे आडत्याकडून तुरीची पट्टी होईल तेव्हा. तीन वेगळ्या वेळी, तीन वेगळ्या खिशांतून येणारा पैसा एका वहीत बसवायचा आणि त्यातून चौदा माणसं चालवायची. हे काम काकूनं वीस वर्षं केलं.

पोरांच्या कपड्यांचे वर्षात दोनच मुहूर्त. जूनमध्ये शाळेचा गणवेश आणि दिवाळीला एक ड्रेस. दिवाळीला एकाच ताग्यातून सगळ्यांचं कापड फाडलं जायचं, त्यामुळं आम्ही चार भाऊ फोटोत बँड पथकासारखे दिसतो. शिंप्याला सांगणं ठरलेलं: "वाढत्या अंगाचं शिवा, आत दुमड जास्त ठेवा." दर वर्षी काकू ती दुमड उसवून पँट खाली सोडायची. जुन्या दुमडीच्या जागी एक गडद रेघ राहायची. माझ्या पँटवर एक रेघ असली तर ती दुसऱ्या वर्षाची, दोन असल्या तर तिसऱ्या. कॉलर घासली की उसवून उलटी लावायची. शर्ट दादाचा, मग माझा, मग धाकट्या चुलतभावाचा. शेवटी बटणं काढून डब्यात, आणि कापडाचं पायपुसणं नाहीतर बोहारणीला. आईच्या जुन्या साड्यांची वाकळ. नवं बाळ आलं की मऊ धोतराची दुपटी.

इथपर्यंत वाचून तुम्हाला छान वाटलं असेल. मलाही वाटतं. आणि भांडण इथूनच सुरू होतं.

कारण ही गोष्ट सांगून आजकाल दोन प्रकारची माणसं आपल्याला शहाणपण शिकवतात. पहिली, फॅमिली ग्रुपवरची. "आमच्या काळी एका ताग्यात सहा पोरं निघायची, आजच्या पिढीला किंमतच नाही." दुसरी, रील्सवरची. "बचत सोपी आहे, फक्त शिस्त हवी. पगाराचे पन्नास, तीस, वीस असे भाग करा." हे पन्नास-तीस-वीस एलिझाबेथ वॉरन आणि त्यांच्या मुलीनं २००५ च्या एका पुस्तकातून लोकप्रिय केलं. कर कापून हातात येणाऱ्या पगाराचे गरजा, हौस आणि बचत असे तीन भाग. तिथं, तशा पगारासाठी, नियम ठीकच असेल. पण आमच्या घरी हौस कुणाची आणि गरज कुणाची, हे आधी ठरवायला लागतं. अण्णांचा रोजचा टपरीवरचा चहा गरज की हौस? काकूची नवी चप्पल गरज की हौस? टक्केवारी काढायच्या आधीच हा निकाल लागलेला असतो. रील त्या निकालाबद्दल एक शब्द बोलत नाही.

एकत्र कुटुंबाचं बजेट शिस्तीनं जमतं असं दोन्ही पार्ट्या सांगतात. माझं म्हणणं असं आहे की ते कुणीतरी स्वतःला हिशेबातून वगळतं म्हणून जमतं. आणि कोण वगळलं जाणार हे बहुतेक घरांत आधीच ठरलेलं असतं.

त्या फोननंतर दिवाळीला घरी गेलो तेव्हा काकूच्या जुन्या वह्या मागून घेतल्या. २००४ ते २०१६ पर्यंतच्या आहेत. २००९ च्या दिवाळीचं पान बघा. सहाही पोरांची नावं, प्रत्येकापुढं कापड आणि शिलाई. आबांचं धोतर. तात्यांचा शर्ट. अण्णांच्या बुटाचा सोल. काकूच्या नावापुढं काही नाही, कारण काकूचं नावच नाही. आईचं नाही, धाकट्या काकूचंही नाही. तेरा वर्षांच्या वह्यांत तिघींच्या साडीची खरेदी मला सापडली ती फक्त दुसऱ्यांना द्यायच्या आहेरात.

विचारलं तर काकू हसली. "मला काय करायचंय इकत घेऊन? येतंय की आहेरात."

म्हणजे तिनं वीस वर्षं काय नेसायचं हे दुसऱ्यांच्या लग्नांनी ठरवलं. रंग तिचा नाही, पोत तिचा नाही. शर्ट दादाकडून माझ्याकडं यायचा तशीच तिची साडी पण फिरत फिरतच यायची. फरक एवढाच, आम्हाला दिवाळीला एकदा तरी ताग्यावरचं कोरं मिळायचं.

आता दुसरी गंमत. वहीत अण्णांचा चहा पण नाही. तात्यांची तंबाखू नाही. धाकट्या काकांचे मित्रांबरोबरचे शनिवार नाहीत. तेव्हा कुणी म्हणेल, झालं की, दोन्हीकडं सारखंच. सारखं अजिबात नाही. गड्यांचा खर्च वहीत नव्हता, कारण तो वहीत पोचायच्या आधीच खिशातून गेलेला असायचा. सरळ टीडीएस. उरलेलं घरात यायचं. बायकांचा खर्च वहीत नव्हता, कारण तो झालाच नव्हता, किंवा झाला तर लपवलेला होता.

लपवलेला म्हणजे कसा, ते माझ्या धाकट्या चुलतबहिणीनं सांगितलं. हे लिहू का म्हणून तिला विचारलं. ती म्हणाली, "लिही, फक्त नाव नको."

दर रविवारी रात्री जेवणं झाली की आबा वही मागायचे. तात्या मोठ्यानं वाचायचे. साखर एवढी कशी? तेल पंधरा दिवसांत संपलं? रागानं नाही, रीतच होती. सगळे बसलेले असायचे. अशा वहीत बारा वर्षांच्या पोरीच्या पॅडचं पाकीट कोण लिहिणार? २०१३ मध्ये तिची पाळी सुरू झाली. सुरुवातीचे काही महिने तिला फाटक्या साडीचे तुकडे दिले, घरात सगळ्याच बायका तेच वापरायच्या म्हणून. मग आठवीत ती दर महिन्याला तीन-चार दिवस शाळा बुडवायला लागली. घरी सांगायची, पोट दुखतंय. खरं कारण, कपडा सरकेल आणि गणवेशाला डाग पडेल ही भीती. तो गणवेश थोरल्या बहिणीचा होता, धुऊन धुऊन विटका झालेला, डाग लगेच दिसला असता. शेवटी काकूनं मार्ग काढला. महिन्यातून एकदा 'साबण-सोडा' या ओळीत तीस-चाळीस रुपये जास्त लिहायचे.

मी पानं काढून बघितली. खरंच आहे. २०१४ च्या मध्यापासून आमच्या घरात साबण जास्त लागतो.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. डेटा खोटा होता, कारण डेटा भरणाऱ्याला डेटाची भीती होती. आणि मी बारा वर्षांनी काय केलं? तीच रविवारची बैठक ड्रॉपडाउन लावून परत आणली. तात्या महिन्यातून चार वेळा वाचायचे. माझी शीट चोवीस तास लाल व्हायला तयार.

हे फक्त आमच्या घरचं नाही. सरकारी घरखर्च सर्वेक्षणात २०२२-२३ साली दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात ३,७७३ आणि शहरी भागात ६,४५९ रुपये निघाला. हा आकडा घराचा एकूण खर्च माणसांच्या संख्येनं भागून काढतात. देशाची तुलना करायला तो ठीक आहे. पण त्या भागाकारात काकू आणि तात्या बरोबरीचे होतात, धाकटी आणि दादा बरोबरीचे होतात. कागदावर. अमर्त्य सेन यांनी कुटुंबाला सहकार्य आणि संघर्ष एकाच वेळी चालणारी जागा म्हटलंय, आणि ज्याचं योगदान दिसतं त्याला वाटा जास्त मिळतो हेही दाखवलंय. अण्णांचा पगार दिसायचा. उलटी लावलेली कॉलर दिसत नाही. नीट लावली असेल तर दिसूच नये, तीच तर कारागिरी.

शर्टाचा हिशेब मी गमतीनं केला. २८० रुपयांचा शर्ट तीन भावांनी मिळून तीनशे वेळा तरी घातला असेल. एका वेळेला रुपयासुद्धा पडत नाही. ग्रुपवरचे काका यालाच काटकसर म्हणतात. पण त्यात उसवणं, शिवणं, काजं करणं, नीळ घालणं धरलेलं नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या. जे पुरुष असं काम करतात, त्यांची ९७. आमची स्वस्ताई त्या मिनिटांवर उभी होती. शर्ट स्वस्त नव्हता. त्याचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाटलेलं होतं.

"पण पैसेच नव्हते रे, सगळ्यांनीच सोसलं." हे आई मला म्हणाली, आणि आईचं मी खोटं म्हणणार नाही. पैसे खरंच नव्हते. अण्णांनी पण एक बूट सात वर्षं घातला. पण कमी पैशाचं उत्तर 'सगळ्यांना थोडं कमी' असंही असू शकतं. आमच्याकडं ते 'काहींना कमी आणि काहींचा प्रश्नच नाही' असं होतं. दोन्हीत बेरीज तीच येते. वाटणी वेगळी असते.

पैसा कुणाच्या हातात येतो यानं वाटणी बदलते, याला पुरावा आहे आणि तो नेमका कपड्यांचाच आहे. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुलांसाठीचा सरकारी लाभ वडिलांच्या पगारातल्या करसवलतीतून काढून आईच्या हातात द्यायला लागले. लुंडबर्ग, पोलॅक आणि वेल्स या अर्थतज्ज्ञांनी १९९७ मध्ये त्याचा अभ्यास छापला. पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढलेला दिसला. कुणालाही शिस्तीचं रील दाखवायला लागलं नाही. हात बदलला.

आपल्याकडं २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये बायकांच्या खात्यात यायला लागले. योजनेच्या राजकारणावर वाद घाला, जरूर घाला. पण आमच्या गल्लीतल्या कट्ट्यावर पहिला प्रश्न होता, "त्या पैशांचं करणार काय ह्या?" त्याच कट्ट्यावर तंबाखू मळणाऱ्याला हा प्रश्न आयुष्यात कुणी विचारलेला नाही.

आता तुमच्याकडं वळतो. तुम्ही पुण्यात, हिंजवडीत, बंगळुरूत फ्लॅटवर राहता. वही नाही, रविवारची बैठक नाही. पण महिन्याच्या एक तारखेला आईला 'घरखर्चाला' म्हणून यूपीआय करता, आणि आई तुम्हाला न मागता बिलाचा फोटो पाठवते. ती का पाठवते, कधी विचार केलाय? तुमचा दीड हजाराचा बूट तुम्ही कुणाला कळवला होता? आपण आपल्या घरातले नवे तात्या झालोय, आणि आपल्याला ते कळलंही नाही, कारण आपला आवाज गोड आहे.

शीट मी काढून टाकली नाही. हिशेब वाईट नसतो. अकरा माणसांच्या घरात हिशेब नसेल तर मधल्या महिन्यात उसनवारी ठरलेली. मी शीट बदलली. आता महिन्याचे पैसे आले की सगळ्यात आधी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या नावावर सारखी रक्कम जाते. आजीच्या पण, वहिनीच्या पण. त्यापुढं 'कशासाठी' हा रकानाच नाही. अण्णांचा चहा त्यातूनच. दादाच्या दोन पोरांपैकी धाकटीला वर्षातून एक ड्रेस कोरा, तिच्या पसंतीचा. भावाचे कपडे ती घालेल, जरूर घालेल, ती रीत चांगलीच आहे. पण साखळीच्या शेवटी कायम एकच पोर उभं राहायला नको. आणि पॅडची ओळ 'दवाखाना' आणि 'शाळा'च्या मधे, स्वतःच्या नावानं आहे.

तात्या दोन आठवडे बोलले नाहीत. मग म्हणाले, "घरात काय मी हिशेब मागायचा न्हाई का?" मी म्हटलं, मागा, घराचा मागा. माणसाचा नको.

पहिल्या महिन्यात काकूच्या नावावर ७०० रुपये गेले. त्याचं तिनं काय केलं, मला माहीत नाही. विचारलं नाही.