तवंग दिल्लीच्या आदेशासाठी थांबत नाही

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी प्रसिद्ध केली की दोन दिवस बातम्या होतात आणि सारी चर्चा दिल्लीकडे बोट दाखवून संपते. हा प्रघात सोयीचा आहे, शास्त्रीय नाही.

साधे गणित पाहावे. पाण्यावर इंद्रधनुष्यी रंग दिसतात तेव्हा तेलाचा थर सुमारे एक मायक्रोमीटर जाडीचा असतो. म्हणजे गॅरेजमधले एक लिटर जळके ऑइल १००० चौरस मीटर पाणी झाकते. प्रवाहाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर धरला, तरी तासाभरात तवंग १.८ किलोमीटर पुढे जातो. गटाराच्या तोंडाशी तो अडवता येतो. नदीत पसरल्यावर गोळा करणे जवळजवळ अशक्य. समुद्रात तेल सांडले तर तटरक्षक दल धावते. जबलपूरच्या ग्वारीघाटावर ते येणार नाही.

जबलपूर नर्मदेचे पाणी पिते. गौर नदी नर्मदेला थेट मिळते, परियट हिरन नदीमार्गे. या दोन्ही नद्यांकाठच्या डेअऱ्यांचे शेण पाण्यात जात असल्याची तक्रार हरित लवादापर्यंत गेली. २५ अंश सेल्सिअसला स्वच्छ पाण्यात लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. मासे त्यावर जगतात आणि शेण कुजवणारे जिवाणू तोच संपवतात. हेच शेण बायोगॅस संयंत्रात गेले तर इंधन होते. हा फरक दिल्लीत नव्हे, गोठ्याच्या दारात ठरतो.

‘महापालिकेकडे पैसा नाही’ हे उत्तर ठरलेले असते. ७४व्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता ही कामे नागरी संस्थांच्या सूचीत घातली. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण सुरक्षा समितीच्या खटल्यात बजावले, की निधीअभावाच्या सबबीवर त्यांना सांडपाणी प्रक्रियेची जबाबदारी टाळता येणार नाही. १९७४च्या जल कायद्याने राज्य मंडळावर टाकलेले कर्तव्यही त्यामुळे सुटत नाही. पण पहिला हात स्थानिकच हवा.

मागण्या साध्या आहेत. प्रत्येक गॅरेजच्या जळक्या ऑइलचा हिशेब, नाल्याच्या तोंडाशी तेल अडवणारा सापळा, घाटावर तयार ठेवलेले तरंगते अडसर आणि प्रत्येक प्रभागात जबाबदार अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक जाहीर फलकावर. यांतल्या एकाही गोष्टीसाठी नवे संशोधन लागत नाही. यादीत नाव आल्यावर जागे होणे म्हणजे बैल गेला आणि झोपा केला.