कोरडे हात, ओली फिल्म

माळ्यावरचा जुना कॅमेरा खाली येतो, त्यात रोल भरला जातो, छत्तीस फोटो काढून होतात आणि मग प्रश्न पडतो: रोल धुवायचा कुठे? पूर्वी फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत डार्करूम असे. त्या खोल्यांत आता बहुतेक ठिकाणी प्रिंटर आणि संगणक आहेत. पिंपळगाव बसवंतसारख्या गावातल्या हौशी माणसाला रोल कुरिअरने मोठ्या शहरात पाठवायचा नसेल, तर कृष्णधवल रोल घरी धुणे हाच मार्ग उरतो. मार्ग चांगला आहे. मात्र रोल बिघडला की दोष डेव्हलपरला दिला जातो, आणि तो अनेकदा चुकीचा असतो. डेव्हलपरला हात लागण्याआधीच, अंधारात, रिळावर चढताना फिल्म बिघडलेली असते.

रीळ म्हणजे प्लॅस्टिकच्या दोन गोल चकत्या. आतून चक्राकार खाचा. ३५ मिलिमीटरच्या रोलची दीड मीटरहून थोडी लांब पट्टी या खाचांतून आत सरकवायची, म्हणजे एक वेढा दुसऱ्याला टेकत नाही आणि द्रावण सगळीकडे पोहोचते. दोन वेढे चिकटले, तर तेवढा भाग धुतलाच जात नाही, निगेटिव्हवर दुधाळ डाग राहतो. फिल्म मुडपली, तर चंद्रकोरीसारखी खूण उमटते. ती पुसता येत नाही.

फिल्म अडकते ती ओलाव्यामुळे. फिल्मवरचे चांदीचे क्षार जिलेटिनच्या पातळ थरात बसवलेले असतात. जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून मिळणारे हे प्रथिन पाणी लागताच फुगते. या फुगण्यामुळेच डेव्हलपर आतल्या चांदीपर्यंत पोहोचतो. पण तोच गुण पाच मिनिटे आधी घात करतो. नुकतीच कुणी आंघोळ केलेली न्हाणी, आधीच्या धुण्याने खाचेत राहिलेला थेंब, घामेजलेली बोटे, यातले काहीही पुरते. काळ्या पिशवीत हात घालून काम करणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. फिल्म अडकते, माणूस घाबरतो, घाम वाढतो, पिशवीतली हवा आणखी दमट होते आणि फिल्म आणखी चिकटते. अशा वेळी जोर लावू नये. फिल्म आणि रीळ तसेच टाकीत ठेवून प्रकाशबंद झाकण लावावे, हात बाहेर काढून कोरडे करावेत, दहा मिनिटांनी पुन्हा सुरुवात करावी. फिल्म कुठे पळून जात नाही.

हे काम पुस्तक वाचून येत नाही, बोटांनाच शिकवावे लागते. एक जुना रोल वाया घालवावा. आधी उजेडात, मग डोळे मिटून, मग अंधारात तो दहा-वीस वेळा चढवावा. पहिलाच प्रयोग आजीच्या कॅमेऱ्यात सापडलेल्या रोलवर करणे हा शुद्ध अविचार आहे.

या कामाचे मोठे उदाहरण नाशिक जिल्ह्याच्याच माणसाच्या घरातले आहे. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आले. कच्च्या फिल्मच्या कडांना तेव्हा भोकेही नसत; ती यंत्राने घरीच पाडावी लागत. दादरच्या घरात हे काम आणि फिल्म धुणे, दोन्ही सरस्वतीबाई फाळके शिकल्या. ३ मे १९१३ रोजी प्रेक्षकांसमोर आलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’मागे त्यांच्या हातांचा हा सराव होता. त्या काळची फिल्म लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळी होती, त्यामुळे लाल दिव्यात ती हाताळता येई. आजची बहुतेक कृष्णधवल फिल्म सगळे रंग पाहते. सिनेमात दिसणारा तो लाल दिवा कागदावर प्रिंट काढण्यासाठी असतो. फिल्मला काळोखच लागतो.

फाळक्यांच्या घरात संसार आणि प्रयोगशाळा एकत्र नांदल्या, कारण दुसरा इलाज नव्हता. आज ते टाळता येते आणि टाळलेच पाहिजे. जुन्या डार्करूममध्ये एक बाजू कोरड्याची आणि एक ओल्याची असे. कोरड्याचे हे सोवळे फिल्मइतकेच अंगाच्या आरोग्यासाठीही होते. अनेक डेव्हलपरमध्ये मेटॉल असते. वारंवार संपर्क आला, तर त्याने काहींच्या हाताला खाज सुटते, कातडी फुटते, आणि एकदा ही अॅलर्जी जडली की थोडेसे द्रावणही पुरते. द्राक्षबागेत छाटणीनंतर हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावताना हातमोजे लागतात, हे पिंपळगावात कुणाला सांगावे लागत नाही. इथेही तोच नियम: रीळ भरताना कोरडे, उघडे हात, टाकी बंद झाली की हातमोजे.

आणि टाकी बंद झाली की दिवा लावावा, खिडकी उघडावी. अनेक जण शेवटपर्यंत बंद खोलीत कोंडून घेतात. त्याची काहीच गरज नाही. फिक्सरमधून सल्फर डायऑक्साइड सुटू शकतो आणि दमेकऱ्यांना तो त्रास देतो. पावडरही उघड्या हवेशीर जागी, धूळ न उडवता कालवावी. स्वयंपाकघरातले पातेले, मोजण्याचा पेला, चमचा यातले काहीही वापरून परत जागेवर ठेवू नये. थंड पेयाच्या बाटलीत डेव्हलपर भरून ठेवणे तर गुन्हाच. घरात लहान मूल असेल तर त्याला ती पेयाचीच बाटली वाटणार.

हवामानाचेही ऐकावे लागते. बहुतेक कृष्णधवल डेव्हलपरच्या वेळा २० अंश सेल्सियसला धरून दिलेल्या असतात. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी हाताला चटका देते, आणि गरम द्रावणात जिलेटिन मऊ पडून सहज ओरखडते. तेव्हा माठातले पाणी वेगळ्या भांड्यात काढून घ्यावे. निफाड तालुक्यातल्या ज्या थंडीत द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, त्या दिवसांत उलट पाणी कोमट करावे लागते. तरी हौशी माणसाने सुरुवात थंडीतच करावी. हाताला घाम नसतो.

राहिला वापरलेला हायपो. स्टुडिओवाले फिक्सरला हेच म्हणत. त्यात फिल्मवरची चांदी विरघळलेली असते. दोन-चार रोलांचा हायपो म्हणजे काही कारखान्याचे सांडपाणी नव्हे, हे खरे. पण ज्या घराची मोरी शोषखड्ड्यात उतरते आणि पलीकडेच विहीर किंवा बोअरवेल आहे, तिथे तो ओतू नये. झाकणाच्या डब्यात, वर मोठ्या अक्षरांत नाव लिहून साठवावा आणि शहरात चांदी काढून घेणाऱ्याकडे किंवा एखाद्या लॅबकडे पोहोचवावा. रीळ मात्र त्याच दिवशी धुवावे. खाचांत राहिलेला साबणासारखा थर दातांच्या जुन्या ब्रशने काढावा आणि पुढचा रोल येईपर्यंत ते कोरड्या जागी ठेवावे.