अंगठा बदलायचा कसा?

माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेकडे गोंड समाजाची यात्रा लोटते. यात्रेकरूंपैकी कित्येकांनी संगणकाला हातही लावला नसेल. 'डार्क वेब', म्हणजे नेहमीच्या शोधयंत्रांना न दिसणारा आंतरजालाचा चोरबाजार, त्यांच्या कानीही नसेल. तरीही त्यांची माहिती तेथे विकली जाऊ शकते. कारण ती साठविलेली असते इतरांनी. ऑक्टोबर २०२३ मध्ये ८१.५ कोटी भारतीयांचे आधार व पारपत्राचे तपशील तेथे विक्रीस मांडल्याचे रिसिक्युरिटी या अमेरिकी कंपनीने उघड केले होते.

शहरातला माणूस संकेतशब्द बदलतो, कार्ड रद्द करतो. गावात मात्र बँक मित्राच्या यंत्रावर आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि अंगठा एवढ्यावर पैसे निघतात. खरेदीखतांवरचे ठसे उचलून सिलिकॉनचे अंगठे बनविणाऱ्या टोळ्या तेलंगणात पकडल्या गेल्या आहेत. बायोमेट्रिकला कुलूप लावण्याची सोय आधारमध्ये आहे. पण पैसे काढताना ते उघडावे लागते आणि त्यासाठी आधारला जोडलेला भ्रमणध्वनी हवा. सोय आहे, पण ज्याला तिची खरी गरज त्याच्यापासून ती दूरच!

आणि आपण? शिबिरात अर्ज भरून देताना आधारच्या छायाप्रती आपणच गोळा करतो. त्या वर्षानुवर्षे कपाटात पडून राहतात, त्यांची छायाचित्रे व्हॉट्सअॅपवर फिरतात. शेवटचे चारच अंक दाखविणारे 'मास्क्ड आधार' जेथे चालते तेथे तेच घ्यावे, काम होताच प्रती फाडाव्यात. खात्यातून पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे लागते, हे यात्रेच्या मंडपात गोंडीतून सांगणारा कार्यकर्ताही हवा.